रक्ताचा वारसा आणि रीतीचा वारसा

पनवेल शहरात 'बेथ एल' ह्या नावाचे एक यहुदी प्रार्थनामंदिर आहे. त्याची स्थापना इ. स. १८४९ सालची. हिब्रू भाषेत ह्या नावाचा अर्थ 'देवाचे घर' असा होतो. मुंबईहून जलमार्गाने आलेला प्रवासी ज्या बंदरात उतरून बोरघाटाची वाट धरीत असे, ते पनवेल बंदर भरभराटीत असताना हे मंदिर उभे राहिले. ते उभारणारे लोक कोणी परदेशी सौदागर नव्हते. ते घरीदारी मराठी बोलत. त्यांच्या बायका लुगडी नेसत. त्यांची आडनावे पनवेलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी होती. आणि आपल्या मंदिरास ते बोलण्यात 'मशीद' म्हणत. इतके असूनही आपण इस्राएलाची लेकरे आहो ह्याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. 'बेने इस्राएल' ह्या त्यांच्या नावाचा अर्थच तो.

आता, ह्या लोकांस आपल्या पूर्वजांपासून नक्की काय मिळाले, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. रक्त मिळाले, असे कोणी म्हणेल. रीत मिळाली, असे दुसरा म्हणेल. व्यवहारात आपण ह्या दोहोंस मिळून 'वारसा' हा एकच शब्द वापरतो आणि 'खाण तशी माती' म्हणून मोकळे होतो. परंतु शरीरातील वारसा आणि आचारातील वारसा हे दोन वेगळे प्रवाह आहेत. त्यांची पात्रे वेगळी, त्यांचे मार्ग वेगळे आणि त्यांची हानी होण्याची कारणेही वेगळी. एकाच्या साक्षीवरून दुसऱ्याचा निवाडा करू गेल्यास शास्त्राची चूक होते, एवढेच नव्हे तर जिवंत माणसांवर अन्यायही होतो. बेने इस्राएलांच्या इतिहासात हा अन्याय प्रत्यक्ष घडलेला आहे. म्हणून ह्या इतिहासाकडे ह्या एका दृष्टीने पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम परंपरेची कथा. फार प्राचीन काळी यहुद्यांचे एक जहाज अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ, पोथ्या, चीजवस्तू सर्व समुद्रात गेले. वाहून आलेली प्रेते नवगावास पुरण्यात आली. ती दफनभूमी आजही दाखवितात. वाचलेली मंडळी आसपासच्या गावांत राहिली आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागली. ह्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपला ग्रंथ लिहून पुरा केला. तो १९३७ साली तेल अवीव येथे छापून निघाला. त्यांनी हे आगमन इ. स. पूर्वी सुमारे १७५ च्या सुमारास झाले असे धरले आहे. त्यांच्या पुराव्यांपैकी एक मोठा मनोरंजक आहे. यहुद्यांचा हनुक्का नावाचा सण इ. स. पूर्वी १६४ च्या घटनेवरून सुरू झाला. बेने इस्राएलांस तो ठाऊक नव्हता. तेव्हा हे लोक त्यापूर्वीच मायदेशातून निघाले असले पाहिजेत.

युक्तिवाद चतुराईचा आहे, पण तो पक्का नाही. जी गोष्ट एखाद्या समाजापाशी आढळत नाही ती कधी नव्हतीच, की होती आणि हरवली, हे केवळ नसण्यावरून सांगता येत नाही. चौदा माणसांच्या स्मरणशक्तीवर सोपविलेल्या धर्मातून एखादा सण गळून पडणे ह्यात नवल ते कोणते? ही अडचण येथे ध्यानात ठेवावी. शरीराच्या वारशाचा विचार करताना ती हुबेहूब ह्याच रूपाने पुन्हा भेटणार आहे.

कथेचा दुसरा भाग दाविद रहाबी ह्या पुरुषाविषयी आहे. हा विद्वान यहुदी कोकणात आला, तेव्हा शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली त्याच्या दृष्टीस पडले. हे आपले बांधव असतील काय, अशी शंका येऊन त्याने त्यांच्या बायकांना निरनिराळी मासळी रांधावयास दिली. त्यांनी खवले व पर असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूस सारले; कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे खवले व पर नसलेला मासा निषिद्ध आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ह्या तीन घराण्यांतील पुरुषांस धर्मकृत्ये शिकविली व त्यांस काझी नेमिले. हा रहाबी कित्येक शतकांपूर्वीचा असे परंपरा सांगते. काही संशोधक मात्र तो अठराव्या शतकातील कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्यापैकी असावा असे मानतात. काल कोणताही असो. त्याने घेतलेली परीक्षा लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने कोणाची वंशावळ विचारली नाही, कोणाचा वर्ण पाहिला नाही, कोणाचे नाक मोजले नाही. त्याने स्वयंपाकघरात पाहिले. तेथे जे ज्ञान आढळले ते सासूने सुनेस व आईने लेकीस दिलेले होते. आणि ज्यांनी ते जपले त्यांना त्याचे मूळ सांगणारा ग्रंथ वाचताही येत नव्हता.

१७३८ सालच्या एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या पत्रात ह्या लोकांचा उल्लेख आला आहे. त्यात म्हटले आहे ते हेच, की त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नाही व प्रार्थनांपैकी 'शेमा' एवढीच त्यांस येते. सुंता, लग्न, मर्तिक अशा प्रत्येक प्रसंगी ते हेच एक वचन म्हणत. अर्थाचा बोध पुसट झाला तरी ध्वनी टिकला होता.

असे हे धन टिकले तरी कसे? ह्याचा विचार करताना शनिवारच्या विसाव्याचे उदाहरण घ्यावे. कोकणात ह्या लोकांस 'शनिवार तेली' म्हणत, आणि जे हिंदू तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवीत त्यांस 'सोमवार तेली' म्हणत. धंदा एक, घाणा एक, भाषा एक. भेद एका वाराचा. आता हा शनिवार म्हणजे नक्की कोणती वस्तू आहे? एकट्या माणसाच्या पायरीवर पाहिले तर ती एक सवय आहे: आज काम करावयाचे नाही. कुटुंबाच्या पायरीवर ती एक व्यवस्था आहे: शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी रांधून ठेवावयाचे आणि मग चूल पेटवावयाची नाही. गावाच्या पायरीवर ती सर्वांस ठाऊक असलेली खूण आहे: आज ह्यांच्या घाण्याचा आवाज नाही, तेल उद्या मिळेल. जातीच्या पायरीवर ते नाव आहे आणि सोयरिकीची सीमा आहे. आणि जगभर पसरलेल्या यहुदी धर्माच्या पायरीवर तो सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेला एक विधी आहे.

ह्या पाच पायऱ्यांवर शनिवार एकच आहे असेही म्हणता येते व पाच आहेत असेही म्हणता येते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की वरच्या पायरीने खालच्या पायरीस आधार दिला. एखाद्या आळशी किंवा लोभी तेल्याने शनिवारी गुपचूप घाणा फिरवावा असे मनात आणले असते, तरी सबंध गावास त्याचा आवाज ऐकू गेला असता. शेजारच्या हिंदूंना शब्बाथाचे शास्त्र ठाऊक नव्हते. तरी ह्या लोकांस 'शनिवार तेली' म्हणून हाक मारून त्यांनीच त्या शास्त्राची राखण केली. ज्या समाजात प्रत्येक जातीने आपला वेगळा आचार पाळावा अशी अपेक्षा असते, तेथे वेगळा आचार टिकविणे कठीण पडत नाही. तो सोडणे कठीण पडते. युरोपात यहुद्यांचा छळ झाला. कोकणात कोणी त्यांच्या वाटेस गेले नाही. जातिव्यवस्थेने पुष्कळांस पुष्कळ दुःख दिले हे खरे. पण ह्या एका पाहुण्या समाजास तिने कपाटाप्रमाणे जपून ठेवले हेही खरे.

संस्कृतीच्या संक्रमणाचा गणिती अभ्यास करणारे कावाल्ली-स्फोर्झा आणि फेल्डमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संक्रमणाचे तीन मार्ग सांगितले आहेत: आईबापांकडून अपत्यांकडे जाणारा उभा मार्ग, समवयस्कांत चालणारा आडवा मार्ग, आणि आधीच्या पिढीतील पण आईबापांवेगळ्या मंडळींकडून, म्हणजे गुरू, उपाध्याय, पंतोजी यांच्याकडून येणारा तिरपा मार्ग. बेने इस्राएलांच्या घरात हे तिन्ही मार्ग एकत्र नांदताना दिसतात. मासळीची निवड व शेमा ही उभ्या मार्गाने आली. लग्नातील हळद व मेंदी, एलिया हनाबी ह्या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ व फळे यांचा करावयाचा मलिदा, गोमांस वर्ज्य करण्याची व विधवाविवाह टाळण्याची चाल, ही शेजाऱ्यांकडून आडव्या मार्गाने आली. अलिबागेजवळच्या खंडाळे गावी एलियाच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवितात. यहुदी प्रेषिताने कोकणात येऊन दर्शन दिले ते अगदी कोकणी देवतेच्या रीतीने. सणांची नावेही अशीच: 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा सण'. ह्यांतील बिरड्याचा सण हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवट्याचा दिवस. दोन सहस्रकांपूर्वीच्या शोकाची आठवण वालाच्या बिरड्याच्या वाटीत येऊन बसली!

तिरप्या मार्गाने आलेले धन तर विशेष मोठे आहे. मुंबईस सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यानंतर कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या आशेने शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. फळ उलटे निघाले. मुले हिब्रू शिकली, जुना करार वाचू लागली आणि आपल्या धर्मात अधिकच दृढ झाली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८४६ साली मुंबईस मराठी भाषांतरासह निघाला. १८७४ साली पुण्यास जो सचित्र निघाला त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडील पोशाखात दाखविल्या आहेत. पनवेलचे बेथ एल मंदिर ह्याच जागृतीच्या काळातले. हे जर लक्षात घेतले तर असे दिसते की आज ज्यास आपण ह्या समाजाचा प्राचीन वारसा म्हणतो त्यातील बराच भाग एकोणिसाव्या शतकात बाहेरून शिकून घेतलेला आहे. त्यामुळे तो कमी खरा ठरत नाही. मंदिरातील अधिकाऱ्यांस त्यांनी मुकादम आणि चौगुले ही आपल्या ओळखीची गावकीची नावे दिली, ह्यावरून शिकलेली गोष्ट त्यांनी किती लौकर आपलीशी केली हे कळून येते.

येथवर रीतीच्या वारशाचे झाले. आता रक्ताच्या वारशाकडे वळू. 'रक्त' हा शब्द आपण रूढी म्हणून वापरतो. वस्तुतः वारसा रक्तातून जात नाही, तो जनुकांतून जातो. जनुक ह्या कल्पनेचा इतिहासही सरळ नाही. मेंडेल यांनी १८६५ साली वाटाण्यावरील आपले प्रयोग विद्वानांपुढे वाचले, तेव्हा हा शब्द नव्हता. १९०९ साली डेन्मार्कचे योहान्सेन यांनी तो घडविला. त्यांच्या लेखी ती हिशेबाची एक सोयीची खूण होती. अमेरिकेत मॉर्गन व त्यांच्या शिष्यांनी फळमाशीवर प्रयोग करून त्या खुणेस गुणसूत्रावर जागा मिळवून दिली. १९४४ साली एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य डीएनए होय असे दाखविले. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी त्याची दुहेरी पिळाची रचना उलगडली. तेव्हा वाटले की जनुक म्हणजे प्रथिनाची कृती सांगणारा डीएनएचा तुकडा, संपला प्रश्न. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभी मानवाचा संपूर्ण जनुकसंचय वाचला गेला तेव्हा प्रथिनांची कृती सांगणारी जनुके सुमारे वीस हजारच निघाली. ह्या कृती एकंदर डीएनएचा जेमतेम शेकडा एक-दोन भाग व्यापतात. उरलेल्यातील काही भाग कोणते जनुक केव्हा व कोठे जागे व्हावे हे ठरवितो.

तात्पर्य, जनुकासही पायऱ्या आहेत. पेशीत ती पाककृती आहे, शरीरात तो एखाद्या लक्षणाचा एक हेतू आहे, कुटुंबात ती वंशाची खूण आहे आणि समाजात ते केवळ एक प्रमाण आहे: शंभरांत इतक्या जणांपाशी हा प्रकार आढळतो, इतकेच. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली संस्कृतीच्या घटकास जनुकाच्या धर्तीवर 'मीम' असे नाव दिले, तेव्हा आक्षेप घेणारे म्हणाले की असा सुटा घटक दाखविता येत नाही. आक्षेप बरोबर आहे. आपण वर शनिवारच्या बाबतीत तेच पाहिले. पण जनुकाच्या बाबतीतही, कोणत्या पायरीवरून बोलता हे सांगितल्यावाचून घटक दाखविता येत नाही, हे त्या आक्षेपकांनी ध्यानात घ्यावयास हवे होते.

बेने इस्राएलांच्या जनुकांविषयी जो सर्वांत विस्तृत निबंध प्रसिद्ध आहे, तो वाल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ सालचा होय. त्यांनी अठरा व्यक्तींचे नमुने तपासून अनेक भारतीय, यहुदी व इतर समाजांशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की ह्या समाजात पश्चिम आशियातील यहुद्यांचा अंश निःसंशय आहे आणि भारतीय अंशही निःसंशय आहे. दोहोंचे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाले असावे. यहुदी अंश मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला. शिवाय सर्व समाज थोड्याशा मूळ माणसांपासून वाढला आणि पुढे आपापसांतच सोयरिकी करीत राहिला, ह्याच्या खुणाही स्पष्ट आहेत.

ह्या निष्कर्षाने परंपरेची कथा खरी ठरली काय? काही अंशी ठरली: पश्चिमेकडून आलेली मूठभर माणसे हे तिचे सार टिकले. परंतु सात जोडप्यांतील सात स्त्रियांचा माग जनुकांत नीट लागत नाही. आणि मिश्रणाचा काल म्हणजे आगमनाचा काल नव्हे. पाहुणा आला केव्हा आणि त्याचे लग्न झाले केव्हा हे दोन प्रश्न आहेत. तसेच किहीमकरांच्या हनुक्का-पुराव्यात जी अडचण होती ती येथेही आहे. थोड्या माणसांपासून वाढलेल्या समाजात केवळ दैवगतीने कित्येक जनुके नाहीशी होतात. एखादा अंश आज सापडत नाही म्हणून तो प्रारंभी नव्हताच असे ठामपणे म्हणता येत नाही. लहान तारवातून आणलेल्या सामानातील काय हरवेल ह्याचा नेम नसतो, मग ते सामान सणांचे असो वा जनुकांचे.

एक मौज पाहावी. शरीरात वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि आडनावही तसेच जाते. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडूनच येतो, आणि चुलीपाशी बसून शिकलेले ज्ञानही बहुधा आईकडूनच येते. ही जुळणी मनात धरली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बेने इस्राएलांच्या मूळ माता पुष्कळशा ह्याच भूमीतल्या होत्या. म्हणजे खवल्यांचा मासा कोणता हे ज्ञान कोकणातील मुलीने परक्या घरात येऊन शिकून घेतले आणि आपल्या लेकीस दिले. रहाबीने ज्या बायकांची परीक्षा घेतली त्यांच्या शरीरात यहुदी अंश थोडा असेल, परंतु यहुदी आचार त्यांच्याच हाती सुरक्षित राहिला होता. दोन वारसे दोन वाटांनी चालतात ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

मग हे दोन वारसे एकच आहेत असा भास आपणांस का होतो? त्याचे कारण आपली जात. जातीने सोयरीक आणि आचार ह्या दोहोंभोवती एकच कुंपण घातले. त्यामुळे जनुके व रीती ह्या एकाच आवारात शतकानुशतके कोंडल्या गेल्या. त्यातही कुंपण आपण समजतो तितके पुरातन नाही. भारतातील अनेक समाजांच्या तपासणीवरून २०१३ साली मूरजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे व्यापक मिश्रण होत होते. सोयरिकीची दारे त्यानंतर मिटली. आपल्या महाराष्ट्रात इरावती कर्वे यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासह सारख्या दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना करून १९६८ साली ती प्रसिद्ध केली. एका मूळ खोडास फुटलेल्या ह्या फांद्या आहेत ही समजूत त्यांस पटली नाही; निरनिराळ्या मुळांचे गट एका नावाखाली आले, असे त्यांचे मत झाले. म्हणजे नाव एक, आचार पुष्कळसा एक, पण शरीराचा इतिहास वेगळा. शनिवार तेल्यांचे जे, तेच थोड्याफार फरकाने आपणां सर्वांचे.

हे सर्व केवळ पांडित्याचे राहिले असते तर चिंता नव्हती. परंतु ह्या समाजाच्या पोटातच पूर्वी 'गोरे' व 'काळे' असे दोन वर्ग होते. ज्यांच्या पूर्वजांत परजातीची आई आली असे मानले जाई ते काळे. त्यांच्याशी गोऱ्यांची सोयरीक होत नसे. एकच शेमा म्हणणारी, एकच शनिवार पाळणारी माणसे आईच्या कुळावरून वेगळी पाडली जात. आज ही फूट मावळली आहे. आणि २०१६ च्या निबंधाने तिच्या मुळावरच घाव घातला आहे, कारण मूळ माताच बहुशः भारतीय असतील तर कोणी कोणास काळे म्हणावे?

जे गोऱ्यांनी काळ्यांस केले तेच पुढे सबंध समाजाच्या वाट्यास आले. १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले. त्या वेळी सुमारे वीस हजार असलेल्या ह्या समाजातील बहुसंख्य लोक पुढील काही दशकांत तिकडे गेले. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे यहुदीपण आईवरून ठरते, आणि त्या देशात यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या हाती आहेत. कोकणात ह्या लोकांनी काडीमोडीचे व दिराच्या विवाहाचे शास्त्रोक्त नियम पाळले असतील काय, परधर्मीयांशी विवाह केले नसतील कशावरून, अशा शंका उपस्थित झाल्या. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य धर्मपीठाने त्यांच्याशी विवाहास मुभा दिली खरी. पण १९६२ साली असा आदेश निघाला की बेने इस्राएल वधू वा वर आल्यास त्याच्या आईचे, आजीचे व त्यामागील पिढ्यांचे मूळ शक्य तितके मागे जाऊन तपासावे. ज्यांच्या आज्यांनी ग्रंथावाचून धर्म राखला, त्यांच्या नातवंडांस त्या आज्यांचाच दाखला मागण्यात आला! समाज खवळला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमेत धरणे व निदर्शने झाली. अखेर ऑगस्ट महिन्यात तेथील लोकसभेने, सरकार बेने इस्राएलांस सर्वतोपरी यहुदी मानते असे घोषित केले आणि धर्मपीठास आदेशातून ह्या समाजाचे नाव वगळावे लागले.

वाचकांनी घटकाभर अशी कल्पना करावी, की २०१६ चा तो निबंध १९६२ सालीच धर्मपीठाच्या हाती पडला असता. मूळ माता भारतीय, असे त्यात वाचून कोणी अधिकारी म्हणाला असता, पाहा, शास्त्रानेच निकाल दिला. परंतु तो निकाल शास्त्राचा झाला नसता. अठरा व्यक्तींच्या नमुन्यांवरून काढलेले समाजाचे प्रमाण हे एका विशिष्ट वधूच्या आजीविषयी काही सांगत नाही. शिवाय लग्न होऊन घरात आलेली स्त्री त्या समाजाची झाली की नाही हे ठरविणारी गोष्ट डीएनएत लिहिलेली नसते. ती त्या समाजाच्या मान्यतेत असते. आईवरून यहुदीपण ठरवावे हा नियमसुद्धा माणसांनी एकमेकांस शिकविलेला, म्हणजे रीतीच्या वारशातलाच आहे. प्रश्न समाजाच्या पायरीवरचा असताना उत्तर पेशीच्या पायरीवर शोधणे म्हणजे खाणावळीचे जेवण कसे आहे हे चुलीच्या विटा मोजून ठरविण्यासारखे आहे.

आजकाल थोड्या पैशांत आपल्या लाळेचा थेंब पाठवून आपले मूळ शेकडेवारीने मागवून घेण्याची सोय झाली आहे. सुशिक्षित घरांतून तिचे कौतुकही होते. कुतूहल वाईट नव्हे. वैद्यकात तर ह्या विद्येचा उपयोग मोठा आहे. मात्र त्या कागदावरील आकडे कोणत्या पायरीवरचे आहेत हे विसरून त्यांत आपला धर्म, आपली जात किंवा आपला मोठेपणा वाचू लागण्याचा मोह आवरला पाहिजे. गोरे-काळे हा भेद अशाच मोहातून जन्मला होता, आणि तो करणाऱ्यांच्या हाती प्रयोगशाळाही नव्हती.

२०११ च्या खानेसुमारीत सबंध भारतात पाच हजारांहून कमी यहुदी उरले होते. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. जनुके परदेशी गेली, मंदिर येथे राहिले. तिकडे गेलेल्या घरांत पनवेलकर हे आडनाव लावणारी मुले हिब्रू बोलत वाढली. ज्या गावावरून ते नाव पडले ते त्यांतील कित्येकांनी पाहिलेले नसेल. त्यांच्या शरीरातील कोणता अंश कोठला हे शास्त्रज्ञ सांगू शकतील. परंतु ती पनवेलची का, ह्याचे उत्तर त्यांच्या आडनावातच लिहिलेले आहे. आणि ते वाचावयास मराठी आले म्हणजे पुरे.